गोड्या पाण्याचा साबण

आमच्या भागात तीन माणसं एका ओट्यावर बसली की सोसायटी निघते, आणि पाच बसली की त्या सोसायटीत दोन पॅनल पडतात. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, कर्जाच्या सोसायटीचे सभासद, दूध संस्थेचे सभासद आणि साखर कारखान्याचेही सभासद. घरात नवा कुकर घ्यायचा म्हटलं तरी ते आधी विचारायचे, सूचक कोण आणि अनुमोदक कोण. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या चालीरीतींबरोबर इतिवृत्त कसं लिहायचं तेही मला शिकावं लागलं, कारण मालकांचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आणि माझं वळणदार. त्यामुळं गावात बायकांचा बचत गट निघाला तेव्हा सचिव कोण हा प्रश्नच आला नाही. वही आपोआप माझ्या मांडीवर येऊन पडली.

गाव कडा या बाजारगावापासून पायी तासाभरावर, डोंगराच्या अंगाला. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. दुष्काळाबद्दल लिहिणारे जमिनीच्या भेगा लिहितात. काळ्या जमिनीला भेगा दर उन्हाळ्यात पडतात, त्याचं आमच्याकडं कुणाला काही वाटत नाही. आमचा दुष्काळ पाण्याच्या भांड्यांवर दिसायचा. घरात दोन तऱ्हेचं पाणी होतं. एक टँकरचं, धरणातलं, त्याला गोडं पाणी म्हणायचे. ते चार-पाच दिवसांनी यायचं आणि स्वयंपाकघरातल्या रांजणात झाकून ठेवलं जायचं. दुसरं बोअरचं. बोअर जितकं खोल गेलं तितकं पाणी जड झालं. हंड्याच्या आतून त्याचा पांढरा थर चढायचा, त्यात डाळ शिजता शिजायची नाही, आणि अंघोळ करून उठलं तरी अंग धुतल्यासारखं वाटायचं नाही. भांड्यांना, अंघोळीला, जनावरांना बोअरचं. प्यायला आणि डाळीला गोडं. आणि पाहुणा आला तर त्याच्या हातापायांवर घालायलाही गोडंच. रांजणाचा तळ दिसत असला तरी पाहुण्यापुढं मचूळ पाण्याचा तांब्या ठेवायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडं ते उपजतच माहीत असतं.

गटात आम्ही दहा-बाराजणी होतो. त्यांतली एक मेंढपाळांच्या घरातली, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी. तिला मी मावशी म्हणायची. मी तिला तू म्हणायची आणि ती मला तुमी. आम्ही जमीनवाले आणि ती मेंढरंवाली, त्यामुळं तेव्हा त्यात कुणालाच काही खटकत नव्हतं. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे मेंढरं घेऊन चारणीला गोदावरीकडं गेले होते. मावशी गावात राहिली होती ती शेळ्यांसाठी. तिच्या अकरा शेळ्या होत्या. लग्नात माहेरानं एक शेळी आंदण दिली होती, तिचाच हा सगळा वेलविस्तार. मेंढरं नवऱ्याची, शेळ्या तिच्या. त्या घरात तिचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

त्या वर्षी शेळ्यांचं कुठंच बसत नव्हतं. चाऱ्याच्या छावणीत गायी, बैल, म्हशी घेत होते, शेळ्यांना तिथं दावण नव्हती. डेअरीत शेळीचं दूध घेत नव्हते, वास मारतं म्हणून. शिवारातला पाला संपत आला होता. एका बैठकीत मावशी वाती वळता वळता म्हणाली, "आता इकाव्याच लागतेल. खाटीक दोनदा बघून गेला." त्या उन्हाळ्यात प्रत्येकीच्या घरातलं काही ना काही दावणीवरून सुटून जात होतं, तिला वेगळं काय सांगणार?

त्याच महिन्यात तालुक्याहून प्रशिक्षणाच्या मॅडम आल्या. आजवर जे कुणी आलं त्यानं पापड आणि लोणचं शिकवलं होतं, जणू आम्हाला ते येतच नव्हतं. या मॅडमनी मात्र पिशवीतून शहरातल्या दुकानातली एक साबणाची वडी काढली. शेळीच्या दुधाचा, हातानं बनवलेला साबण. शहरातल्या बायका तो आवडीनं घेतात, त्यानं कातडी मऊ राहते, असं त्यांनी सांगितलं. वडी हातोहात फिरली. मावशीनं ती नाकाशी धरली आणि विचारलं, "ह्येच्यात शेळी कुठं हाय?" मॅडम हसल्या आणि पुन्हा म्हणाल्या, दुधानं कातडी मऊ राहते. मावशी आपल्या हाताच्या पंज्याकडं बघत म्हणाली, "माजी तर काय राहिली न्हाई."

मी त्या दिवशीच ठरवलं. माझ्या मनात मावशीच्या शेळ्या होत्या हे खरं आहे. गावात कुणी केलं नाही असं काहीतरी करून दाखवायची हौस होती, हेही खरं आहे. दोन्हींतलं जास्त कोणतं ते मी तेव्हा तपासून पाहिलं नाही. बैठक उठली तशी मी तिला गाठून म्हणाले, "मावशी, शेळ्या इकू नको. दूध गट घेईल." तिनं वळलेल्या वाती पदरात बांधल्या. मग म्हणाली, "तुमी म्हणता तर ठिवते." दुसऱ्या दिवशी खाटीक आला तर तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

साबण करणं स्वयंपाकासारखं असेल असं मला वाटलं होतं. ते निम्मं स्वयंपाकासारखं आणि निम्मं पिकावर औषध मारण्यासारखं निघालं. खोबरेल आणि एरंडेल कोमट करायचं, दुधात कॉस्टिक सोडा विरघळवायचा, दोन्ही एकत्र करून रवीनं घुसळायचं आणि घट्ट व्हायला लागलं की बर्फीच्या ट्रेमध्ये ओतायचं. अडचण एवढीच की कॉस्टिक पडलं की दूध तापतं, तापलं की तांबडं होतं, आणि मग त्याला जो वास सुटतो त्यानं गोठ्यातली म्हैससुद्धा तोंड फिरवते. पहिला घाणा असाच उकिरड्यावर गेला. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, दूध गोठवून घ्या, बर्फाच्या खड्यांवर थोडं थोडं कॉस्टिक घाला. गावात फ्रिज दोघांकडं होते आणि वीज कुणाकडंच नव्हती. शेवटी कड्याच्या एका कुल्फीवाल्याला गाठलं. त्याच्या पेटीत आमच्या दुधाच्या पिशव्या राहू लागल्या. "शेळीच्या दुधाची कुल्फी काढताव काय?" असं तो दर खेपेला विचारायचा. मी दर खेपेला सांगायची, साबण. त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही त्याला सारखंच वाटत असावं.

मालकांचा फवारणीचा चष्मा आणि हातमोजे घालून मी अंगणात बसायची आणि मावशी रवी धरायची. तिचा हात एकदा फिरायला लागला की थांबत नसे. बाकीच्या बायका लांब उभ्या राहून सूचना करायच्या, कारण आमच्या गटात काम दोघींनी करायचं आणि चर्चा सर्वांनी, अशी पद्धत होती. वड्या कापून आम्ही बाजेवर गोणपाट टाकून मांडल्या. त्या चार-पाच आठवडे सुकू द्यायच्या होत्या. मावशी शेळ्या चारून परतली की रोज येऊन एक एक वडी उलटी करून जायची, तव्यावरची भाकरी उलटावी तशी. दूध रोज येत होतं. गट देई त्या पैशांतून ती पेंड आणि बाभळीच्या शेंगा आणत होती. शेळ्या काही फुगल्या नाहीत, पण अकराच्या अकरा उभ्या राहिल्या, आणि त्या उन्हाळ्यात उभं राहणं ही मोठी गोष्ट होती.

वेष्टनासाठी कड्याच्या छापखान्यात गेले. त्यांच्याकडं शेळीचं चित्र नव्हतं, हरणाचं होतं. छापखानेवाल्याच्या मुलीनं त्या हरणाला पेननं दाढी काढून दिली. मावशीनं ते बघून विचारलं, "ही कुठली जात?" मी सांगितलं, शहरातली.

वड्या तयार झाल्या त्या दिवशी मॅडमना बोलावून घेतलं. नारळ फोडला. पहिली वडी कुणाच्या हाती द्यायची, तर पाहुण्याच्या. मी रांजणातलं गोडं पाणी तांब्यात काढलं आणि त्यांच्या हातांवर ओतायला लागले. फेस आला तो बघण्यासारखा. पांढरा, दाट, मनगटाच्या वर चढलेला. मॅडमनी हात उंच धरून सगळ्यांना दाखवले. एक तांब्या झाला, दुसरा झाला. त्या म्हणाल्या, "पुरे आता." मी म्हणाले, "असू द्या हो," आणि तिसरा भरून आणला. तो घागरभर आनंद मला आजही आठवतो. मग राहिलेल्या पाण्यात गटातल्या बायकांनी बोटं बुडवून फेस करून पाहिला. मावशी दाराशी बसली होती. तिनं हात पुढं केला नाही. मी म्हणाले, "बघ की गं, तुझंच दूध हाय." ती म्हणाली, "माज्या हाताला शेण हाय." मला वाटलं, मॅडमपुढं संकोचली असेल.

आता कुणीही विचारील, बाई, महिनाभर साबण घरात पडून होता, एकदा बोअरच्या पाण्यात लावून बघायला काय झालं होतं? याचं उत्तर आमच्या भागातल्या माणसालाच पटेल. विकायची वस्तू घरात वापरायची नाही. डेअरीला कॅन भरून दूध घालणाऱ्याच्या घरी चहा कोरा असतो. वड्या मोजून ट्रंकेत ठेवल्या होत्या आणि कुणाच्या मनातही आलं नाही की एक आपण घ्यावी. आम्ही सगळ्या वर्षभर स्वस्तातली कपड्याची वडीच अंगाला लावत होतो. तिला फेस येत नव्हता, तर दोष वडीला देत होतो. पाण्यापर्यंत आमचं डोकं गेलंच नाही, आणि साबणाला आम्ही पहिल्यापासून पाहुण्यासारखं वागवलं.

कड्याच्या बाजारात पोतं अंथरून बसलो आणि दुपारपर्यंत सगळ्या वड्या गेल्या. बायका वास घ्यायच्या, दाढीवाल्या हरणाला हसायच्या आणि घ्यायच्या. परत येताना मी जमिनीवरून चालत नव्हते. मालकांना म्हणाले, आता याचीच सोसायटी काढू. त्यांनी लगेच विचारलं, चेअरमन कोण?

पुढच्या बाजारी मावशी माझ्याबरोबर आली होती. पोतं अंथरायच्या आधीच एक बाई आमच्या जागेवर उभी होती. मागच्या खेपेला तिनं दोन वड्या नेल्या होत्या. शेजारी तिची मुलगी, डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळलेली. बाईनं काही न बोलता ती ओढणी ओढून काढली. मुलीचे केस एकमेकांना चिकटून त्यांच्या जाड दोऱ्या झाल्या होत्या, मेण ओतल्यागत. मुलगी खाली बघत होती.

"परवा पाव्हणे येणार हायेत हिला बघायला," बाई म्हणाली. "म्हणून चांगला साबण नेला. ह्यो साबण हाय का डिंक हाय?"

तिनं बाटलीत बोअरचं पाणी आणलं होतं. ते वडीवर ओतून तिनं हातानं चोळलं. फेस नाहीच. पांढऱ्या गुठळ्या झाल्या, नासलेल्या दुधासारख्या, आणि तिच्या तळव्याला चिकटून बसल्या. तोवर भोवती माणसं जमली होती. माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणाले, "ताई, गोड्या पाण्यात लावून बघा."

"गोडं पाणी असतं तर तुमचा साबण कशाला लागला असता?" बाई म्हणाली. "नुसत्या पाण्यानंच उजळली असती पोरगी."

लोक हसले. पलीकडून आणखी दोघी वड्या हातात घेऊन येताना दिसल्या. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, ती बाई बरोबर बोलत होती याचा संताप येत होता. मी वहीत इतिवृत्त लिहिणारी, तालुक्याच्या मॅडमशी फोनवर बोलणारी, आणि आमच्या गावचं पाणी कसं आहे हे मला बाजारात शिकावं लागत होतं.

मावशी उठली. शेजारच्या चिंचवालीकडून तिनं मूठभर चिंच घेतली आणि आपल्या पिशवीतून चार-पाच वाळकी फळं काढली. आमच्या माळावर एक काटेरी झाड असतं, हिंगणबेट. पाऊस पडो न पडो, ते हिरवं असतं. त्याचीच ती लिंबाएवढी फळं. मुलीला मनगटाला धरून मावशी बाजाराच्या कडेच्या हापशावर घेऊन गेली. त्या हापशाचं पाणी आमच्या बोअरइतकंच जड. आधी तिनं चिंचेचं पाणी केसांना चोळलं, मग फळाची साल काढून आतला चिकट गर हातावर घासला. त्या जड पाण्यात पांढरा फेस उभा राहिला. मॅडमच्या मनगटावर आला होता तेवढा नाही, पण पुरेसा. मावशी मुलीचं डोकं लोकर धुतात तसं धूत होती, दोन्ही हातांनी, घाई न करता. दोनदा धुतल्यावर केस सुटे झाले. आईनं त्यांतून बोटं फिरवून पाहिली.

"ह्ये कावून इकत न्हाई तुमी?" तिनं मला विचारलं.

"पुढच्या बाजारी आणतो," मी म्हणाले. विचार न करता म्हणाले. पैसे ज्यांचे त्यांना परत केले आणि आम्ही उठलो.

परतीची अर्धी वाट सरली. मग मी विचारलं, "मावशी, तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"आपल्या पाण्यात त्यो साबण फेसत न्हाई ते."

"व्हय. लोकर धुतो की आमी. साबण लावला की लोकर चिकटा धरती. म्हणून तर हिंगणबेट लावायचं."

"कधीपासून ठाऊक होतं?"

"पयल्यापासून."

"मग कावून बोलली न्हाईस?"

ती दहा-बारा पावलं चालली. मग म्हणाली, "तुमी दूध घेत व्हता."

मला तिचा राग आला. गावापुढं, बाजारापुढं माझं हसं झालं, आणि हिला ते दोन महिने आधी दिसत होतं. मी चिडून विचारलं, "मग आज तरी कशाला उठलीस?"

"ती बाई तुमाला चार लोकांत बोलत व्हती," मावशी म्हणाली. "गप बसले मी, आन् बोलणं तुमी खाल्लं. ते बरं दिसत न्हाई."

खरं सांगायचं तर त्या वाटेवर शेळ्यांचा विचार माझ्या मनात आला नाही. राग ओसरल्यावर मी पुडीवर काय छापायचं, शिकेकाई किती घालायची, हेच जुळवत होते. मावशी मात्र विचार करत असणार. ती उगीच इतकी हळू चालत नव्हती.

दोन दिवसांनी बैठक झाली. हिंगणबेट, शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी वाटून केस धुवायची पूड करायची, हे सगळ्यांना पटलं. त्यात जाळ नाही, कॉस्टिक नाही, बर्फ नाही. आणि दूध नाही. साबण बंद तर दूध बंद, हे उघड होतं, पण बोलायला कुणी तयार नव्हतं. ठराव लिहायचा तर कसा? मालकांनी मला शिकवून ठेवलं होतं, ठरावात कारण लिहायचं नसतं, कारण लिहिलं की वाद होतो. मी लिहिलं, "शेळीच्या दुधाची खरेदी बंद करण्यात यावी." आणि विचारलं, सूचक कोण?

कुणी मान वर केली नाही. एकीला एकदम पोरीची आठवण झाली, एक पदराचं सूत काढत बसली. मी वही मांडीवर घेऊन थांबले. मला स्वतःला सूचक होता आलं असतं. सचिवानं सूचक होऊ नये असा काही नियम नव्हता. किंवा मी म्हणू शकले असते की पावसापर्यंत दूध घेत राहू, आपण सगळ्या चहाला वापरू, काहीतरी करू. ते शब्द माझ्या जिभेवर आले नाहीत, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते आले होते. पण पूड नवी होती, गटाकडं ती करायला जेमतेम पुरतील एवढेच पैसे होते, आणि मला दुसऱ्यांदा बाजारात हसं करून घ्यायचं नव्हतं.

"माजं नाव लिवा," मावशी म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती वाती वळत होती.

"लिवा की. कुणीतरी पायजे न्हवं?"

मी लिहिलं. अनुमोदक लगेच मिळाली, पहिलं नाव पडलं की दुसरं सोपं असतं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मावशीनं शाई लावून अंगठा उठवला आणि बोट पदराला पुसलं.

पूड चालली. पहिल्या बाजारातच त्या बाईनं मुलीसाठी नेली. पुढं लिंबागणेशच्या जत्रेत विकली, एकदा दिंद्रुडपर्यंत जाऊन आले. दाढीवाल्या हरणाची वेष्टनं उरली होती, त्यांच्या कोऱ्या बाजूवर नाव छापून पुड्या बांधल्या. पाऊस पडला, बोअरला पाणी वर आलं, तरी लोकांनी पूड सोडली नाही. आजही माझ्या घरात तीच वाटली जाते, फक्त जात्याऐवजी चक्की आहे. फळं गोळा करायचं काम पहिली कितीतरी वर्षं मावशीनंच केलं. गर सोडवून बी वेगळी कशी करायची ते मला दाखवताना ती एकदा म्हणाली, "शेळ्या झाडाखाली बसून हेच करायच्या. गर खायच्या आन् बी थुकून द्यायच्या." म्हणजे ती फळं तिच्या शेळ्यांचा उन्हाळ्यातला चारा होता. तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. कामाचं सांगताना ओघात आलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या आधीचं. ठराव झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात आली. काखेत रिकामी घागर. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, मिठाचा खडासुद्धा नाही. अंगणाबाहेर रस्त्यावर अकरा शेळ्या उभ्या होत्या. सगळ्या धुतलेल्या. जड पाण्यात, हिंगणबेट लावून धुतल्या असणार, अंगावरचा केसन् केस सुटा दिसत होता.

"वहिनी," ती म्हणाली, "घागरभर गोडं पाणी देताव का?"

"कशाला?"

"पाजते ह्यांस्नी. बाजारला निगाले. बोअरचं लई पीत न्हाईत त्या. वाट लांब हाय."

मी आत गेले. टँकर दोन दिवस आला नव्हता आणि कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. रांजणाचं झाकण काढून बघितलं. पाणी अर्ध्याच्याही खाली होतं. घरात डाळ व्हायची होती, मालकांचे कुणी पाहुणे येणार होते. मी तिची घागर घेऊन ओगराळ्यानं भरायला लागले. आधी भराभर, मग सावकाश. मावशी उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. घागर अर्धी झाली तेव्हा माझा हात थोडा थांबला. मी थांबवला असं नाही, पण थांबला.

"पुरं," मावशी म्हणाली.

मॅडम पुरे म्हणत होत्या तेव्हा मी तिसरा तांब्या भरून आणला होता. मावशी पुरं म्हणाली, आणि मी रांजणावर झाकण ठेवलं.